शहाण्णव डोळ्यांची फाईल

रविवार, ५ ऑक्टोबर १९९७. सकाळी ११.१०

झालं. शहाण्णवावा पेशंट कॉम्प्युटरमध्ये गेला. नाव, वय, पाडा, डावा डोळा की उजवा, आणि डॉ. सुमतीताईंनी ठाण्याहून मशीन आणून घेतलेली डोळ्याची मापं. त्या मापांवरून कोणाला किती नंबरचं भिंग बसवायचं ते ठरतं. मोतीबिंदूची ऑपरेशनं २८ ते ३० नोव्हेंबर. म्हणजे माझं काम जवळजवळ आठ आठवडे आधी संपलं.

नेत्रसेवा मंडळात कॉम्प्युटर आणायची कल्पना माझी. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोडाऊनवाल्याने नवीन घेतला आणि जुना आम्हाला दिला. मंडळाला स्वतःची जागा नाही म्हणून तो आमच्या पुढच्या खोलीत. मी कॉलेजच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली, हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो, कधी एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. तेव्हा अध्यक्षांनी, म्हणजे तात्यांनी, मला ‘कॉम्प्युटर इनचार्ज’ नेमलं. ठरावात नेमके तेच शब्द घाला, असं मीच सुचवलं होतं.

संकल्प: रोज एकदा फाईल उघडून बघणे. ही डायरी रोज लिहिणे. कागद कमी करणे.

बुधवार, ८ ऑक्टोबर. दुपारी ४

कागद कमी केले. शहाण्णव पेशंटांचे भरलेले फॉर्म रद्दीवाल्याला दिले. दसऱ्याची साफसफाई चालूच होती.

माधवी म्हणाली, अहो, ऑपरेशनं होईपर्यंत तरी ठेवा. मी तिला समजावलं की एकच माहिती दोन ठिकाणी असली की घोळ होतो. ती म्हणाली, आणि एकाच ठिकाणी असली तर? मी म्हटलं, तर शिस्त असते.

ती शाळेत भूगोल शिकवते. कॉम्प्युटरयुग तिच्या पुस्तकात अजून आलेलं नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. सकाळी १०

कॉम्प्युटर लावला की बारीक खट्... खट्... खट् असा आवाज येतो. गेले तीन दिवस ऐकतोय. मागच्या शेडमधल्या कापडाच्या लूमचा असणार म्हणून लक्ष दिलं नव्हतं. पण आज शुक्रवार, लूम बंद. तरी आवाज आहे.

निष्कर्ष: कोणीतरी सुट्टीच्या दिवशी चोरून लूम चालवतोय.

सकाळी ११.३०

मागच्या तिन्ही शेडमध्ये जाऊन आलो. तिन्हींना कुलूप. एका ओट्यावर एक कारागीर झोपला होता, त्याला उठवून विचारलं. तो म्हणाला, चाचा, जुम्मे के दिन कौन चलाएगा. चौथी शेड कुठेतरी असली पाहिजे.

शनिवार, ११ ऑक्टोबर. दसरा

कॉम्प्युटरची पूजा केली. मॉनिटरला झेंडूचा हार, सीपीयूला हळदकुंकू. माधवी म्हणाली, अक्षता त्या जाळीवर टाकू नका. थोड्याच टाकल्या.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

खट्खट् वाढली. कारण सापडलं: अक्षता. स्क्रू काढून डबा उघडला. पंख्याच्या खाली तांदळाचे पाच दाणे मिळाले. ब्रशने काढले, डबा बंद केला, चालू केला. आवाज तसाच.

सहावा दाणा आत आहे.

बुधवार, १५ ऑक्टोबर

फाईल उघडायला आज चार मिनिटं लागली. पूर्वी चार सेकंद लागायचे. एवढी मोठी फाईल झाली आहे हे एका अर्थी मंडळाच्या कार्याचं लक्षण आहे. तात्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, वा.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. सकाळी ९.४०

स्क्रीन एकदम निळी झाली. मग काळी. सी ड्राइव्ह वाचता येत नाही असं इंग्रजीत आलं आणि खाली प्रश्न: अबॉर्ट, रिट्राय, फेल? मी रिट्राय दाबलं. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा रिट्राय. नवव्या वेळी उघडलं. आठव्या वेळी सोडून दिलं असतं तर? चिकाटी ही गोष्ट हल्लीच्या लोकांत राहिली नाही.

सुमतीताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, टिपणीसभाऊ, सगळं व्यवस्थित आहे ना? मी म्हटलं, फर्स्टक्लास. त्या म्हणाल्या, दुसरी कॉपी काढून ठेवली असेलच. मी म्हटलं, त्याच कामात आहे. हे खोटं नाही. त्यांनी म्हटल्याक्षणी मी त्या कामात पडलो.

शनिवार, १८ ऑक्टोबर. संध्याकाळी ६

माधवीने परस्पर मोमीनला बोलावलं. कल्याण नाक्याजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याची मुलगी माधवीच्या वर्गात होती. त्याने डब्याला कान लावला, डॉक्टर छातीला लावतात तसा. दहा सेकंदही नाही. म्हणाला, टिपणीस साहब, ये लूम नहीं है, चावल भी नहीं है. हार्ड डिस्क जा रही है. अंदर की सुई अटक रही है.

मी विचारलं, किती दिवस काढेल? तो म्हणाला, आज रात भी जा सकती है, दिवाली भी निकाल सकती है. पण तोवर काही चालवू नका, दुरुस्त करायला जाऊ नका, जेवढी फिरेल तेवढी घासेल. आधी डेटा काढायचा, बाकी सगळं नंतर. डबा तसाच दुकानात आणा, दुसरी डिस्क लावून मी फाईल उचलून देतो, अर्ध्या तासाचं काम.

पैसे विचारले तर म्हणाला, आँखों का काम है, रहने दो. इथेच मला शंका आली. फुकट काम करणारा माणूस कामाचा किती असणार? शिवाय इनचार्ज मी आहे. डबा उचलून दुकानात नेणं म्हणजे पेशंटला रिक्षात घालण्यासारखं आहे.

स्वतःच करायचं ठरवलं. नियोजनपूर्वक.

रविवार, १९ ऑक्टोबर. दुपारी १२

घर बदलताना आपण सामान हलवायच्या आधी झाडतो. त्याच न्यायाने आधी स्कॅनडिस्क चालवलं. ते सगळी डिस्क कोपरान् कोपरा तपासतं. स्क्रीनवर चौकोनांची मोठी जाळी येते आणि तपासलेला चौकोन रंग बदलतो. मध्ये मध्ये काही चौकोनांत ‘बी’ असं लाल अक्षर उमटलं. बी म्हणजे बॅकअप झालेला भाग असावा. मोजले, चौदा होते. जेवून आलो तर एकतीस. काम झपाट्याने चाललं आहे.

माधवी म्हणाली, मोमीन तर काही चालवू नका म्हणाला होता ना? मी म्हटलं, तो दुरुस्त करू नका म्हणाला. हे दुरुस्त करणं नाही, हे बघणं आहे.

सोमवार, २० ऑक्टोबर. दुपारी ३.३०

कॉलेजच्या लायब्ररीतून कॉम्प्युटरचं पुस्तक आणलं. त्यात डीफ्रॅग नावाचा प्रकार आहे. डिस्कवर विस्कटलेली माहिती तो उचलून उचलून ओळीने लावतो. असं केल्याने डिस्कचा वेग वाढतो, असं स्पष्ट लिहिलं आहे. आमची डिस्क मंद झाली आहे. म्हणजे हाच उपाय. म्हाताऱ्या माणसाला अंथरुणावर पडून राहा म्हणणं हे जुनं वैद्यक झालं. त्याला चालवलं पाहिजे.

साडेतीन तास चाललं. रंगीत चौकोन वरून खाली, खालून वर सरकतात. बघायला फार छान. शेजारच्या जोशीकाकूंनाही बोलावून दाखवलं. खट्खट् इतकी जोरात होती की त्या म्हणाल्या, आत कोणी आहे का?

बुधवार, २२ ऑक्टोबर. सकाळी १०.१५

ऐतिहासिक दिवस. डेटा सुरक्षित हलवला.

दहा फ्लॉप्या आणल्या होत्या. वाटलं होतं सगळ्या लागतील, दिवस जाईल. स्क्रीनवर आमच्या फाईलचं चित्र आहे, खाली ‘नेत्र’ लिहिलेलं, कोपऱ्यात छोटा बाण. ते चित्र माऊसने ओढलं आणि फ्लॉपीवर सोडलं. एक सेकंद. शहाण्णव माणसं एका सेकंदात. फ्लॉपीवर जागा किती खाल्ली ते पाहिलं तर फक्त एक केबी. बहुतेक डीफ्रॅगने सगळं नीट घडी घालून ठेवलं होतं, त्याचा फायदा.

मी आंधळेपणाने विश्वास ठेवणारा नाही. फ्लॉपीवरचं चित्र उघडून पाहिलं. सहा मिनिटं लागली, पण फाईल उघडली. देवकी बुधा, डावा डोळा, मापासकट. पडताळणी पूर्ण. उघडताना फ्लॉपीचा दिवा जेमतेम लुकलुकला आणि खट्खट् सगळी सीपीयूतून आली. म्हणजे फ्लॉपीवर काहीही ताण नाही.

एक प्रत पुरेशी असताना उरलेल्या नऊ फ्लॉप्यांवरही तीच काढली. मोमीनला कळवावं का? नको. उगाच ओशाळेल.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

प्रतींचं वाटप. दोन घरी, दोन सुमतीताईंच्या दवाखान्यात, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक कॉलेजच्या तिजोरीत, एक माहेरी जाणाऱ्या जोशीकाकूंबरोबर पुण्याला, दोन वडप्याला माझ्या भावाकडे, एक तात्यांकडे. भिवंडीला भूकंप झाला तरी डेटा जगेल. तात्यांनी फ्लॉपी देवघरातल्या खणात ठेवली आणि विचारलं, ऊन लागू द्यायचं नाही ना? मी म्हटलं, लागलं तरी नऊ आहेत.

सुमतीताईंना फोनवर सांगितलं की दहा कॉपी आहेत. त्या म्हणाल्या, तुमच्यासारखा माणूस मिळायला नशीब लागतं. हे वाक्य त्यांनी म्हटलं तसंच लिहून ठेवतो.

गुरुवार, ३० ऑक्टोबर. दिवाळी

कॉम्प्युटरला सुट्टी. चकल्या बिघडल्या आहेत, पण तो माधवीचा विभाग.

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ९

कॉम्प्युटर लावला. खट्, खट्, मग किर्र, मग काही नाही. काळी स्क्रीन, एका ओळीत की ऑपरेटिंग सिस्टिम मिळत नाही. रिट्राय विचारलंच नाही.

मी अजिबात डगमगलो नाही. अशा प्रसंगी दहा कॉपी असलेला माणूस आणि नसलेला माणूस यातला फरक दिसतो. माधवीला तसं सांगितलं. चहा घेतला. उद्या मोमीनच्या दुकानात जाऊन त्याच्या कॉम्प्युटरवर फ्लॉपी उघडून एक प्रिंट काढून आणतो.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. दुपारी १

मोमीनने फ्लॉपी घातली. चित्र आलं, नाव आलं, बाण आला. उघडायला गेला तर येईना. दुसरी घातली. तेच. मी म्हटलं, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काही दोष असेल. त्याने बाणावर बोट ठेवलं आणि मला शांतपणे विचारलं, साहब, ये कहाँ से खींचा था?

मी सांगितलं.

तो म्हणाला, ये फाईल नहीं है. ये फाईल का पता है. क्लिक केलं की हा तुमच्या घरच्या डिस्कवर जाऊन फाईल शोधतो. पता दस जगह रख दिया आपने, घर एक ही था.

त्याने चहा मागवला. मी म्हटलं, पण मी उघडून पाहिली होती. तो म्हणाला, घर में बैठ के घर का पता पूछोगे तो मिलेगा ना साहब.

संध्याकाळी ७

डिस्क त्याच्याकडे दिली. चार तास तो तिच्यावर बसला होता. मध्ये कधी चालू व्हायची, दोन मिनिटं वाचायची, बंद पडायची. तेवढ्यात जेवढं मिळेल तेवढं तो उचलत होता. बावीस नावं पूर्ण निघाली. बाकी फाईल वाचताच येत नाही.

तो म्हणाला, अजीब बात है, जहाँ फाईल पड़ी है वहीं सबसे ज्यादा घिसा है, जैसे किसीने अभी अभी उठा के इधर रखा हो. मग विचारलं, साहब, डीफ्रॅग तो नहीं चलाया था?

मी म्हटलं, आठवत नाही.

शहाण्णव वजा बावीस. चौऱ्याहत्तर.

बुधवार, ५ नोव्हेंबर

रद्दीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, बाबूजी, महिना हो गया. माल त्याच आठवड्यात कागदाच्या कारखान्यात गेला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. सकाळी

सुमतीताईंचा फोन. भिंगांच्या नंबरांची यादी हवी आहे, ऑर्डर बुधवारी जायची. मी म्हटलं, प्रिंटरची रिबन संपली आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पुन्हा फोन. रिबन मिळाली का? मी म्हटलं, रिबन मिळाली, आता कागद.

कळवण्याच्या दृष्टीने तीन मसुदे केले. एकात व्होल्टेजला जबाबदार धरलं आहे, दुसऱ्यात गोडाऊनवाल्याला. तिसऱ्यात ‘तांत्रिक अडचण’ हा शब्द सात वेळा आला. कॉलेजात असतो तर तिसरा पाठवला असता.

शनिवार, ८ नोव्हेंबर. दुपारी २

माधवीने तिन्ही मसुदे वाचले. एवढंच म्हणाली की त्या म्हाताऱ्यांना तुमचा मसुदा वाचता येणार नाही, डोळ्यांनी दिसत नाही म्हणून तर ते आपल्याकडे आलेत. मग म्हणाली, चला, मी येते बरोबर.

दवाखान्यात गेलो. सगळं सांगितलं. फॉर्म, तांदूळ, ‘बी’ (म्हणजे बॅड, खराब झालेला भाग, हे आता कळलं), डीफ्रॅग, बाण. सुमतीताई पेशंटचा डोळा तपासताना ऐकतात तशा ऐकत होत्या, मान न हलवता. शेवटी म्हणाल्या, चौऱ्याहत्तर? मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, नावं तरी? मी म्हटलं, काही आठवतात.

मला वाटलं ओरडतील. त्या फोनकडे वळल्या आणि ठाण्याला मशीनसाठी लावला. रविवार सोळा तारीख मिळाली, एकच दिवस. भिंगांची ऑर्डर अठरापर्यंत थांबवली. मग मला म्हणाल्या, मशीन मी आणते. माणसं तुम्ही आणा.

तात्यांना सांगायला गेलो. ते उठले, देवघरातला खण उघडून फ्लॉपी आणली आणि म्हणाले, ही लावून बघ, मी अजिबात ऊन लागू दिलेलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. अंबाडी

पेशंट सगळे इथल्या आसपासच्या पाड्यांवरचे. इथे बाळाराम आहे. नाक्यावर किराणा दुकान चालवतो, मंडळाचा या बाजूचा कार्यकर्ता. पाडे त्याला तोंडपाठ. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आज पाच पाडे केले. दोनशे पानी वही घेतली आहे. पेन दोन.

मी बाळारामला म्हटलं, नावाप्रमाणे शोधू. तो म्हणाला, नावानं न्हाय मिळायचं साहेब, एकेका पाड्यावर तीन तीन देवक्या हायत. कोनाला कवा दिसायचं कमी जालं ते इचारा, त्यावरनं कळंल. तसंच निघालं. कॉलेजच्या पद्धतीत हा कॉलम नव्हता.

बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळी १०

देवकी बुधा मिळाली. तीच, जिची नोंद मी फ्लॉपीवर तपासली होती. बुधा हा तिचा मुलगा. वय फॉर्मवर साठ लिहिलं होतं, ते मीच अंदाजाने लिहिलं होतं. अंगणात बसलेली, दोन्ही डोळे पिठासारखे पांढरे. मी म्हटलं, आजी, अंबाडीला रविवारी पुन्हा माप द्यायला यायचंय.

ती म्हणाली, माप तर दिला. डोला तोच हाय, बदलला न्हाय.

मी म्हटलं, थोडी तांत्रिक अडचण आली.

ती म्हणाली, कागुद हरवला काय?

मी म्हटलं, तसं नाही, कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये बिघाड होऊन माहिती वाचता येत नाही.

ती म्हणाली, म्हंजे हरवला.

बाळाराम दुसरीकडे बघत होता. मी म्हटलं, हो, हरवला.

मग ती म्हणाली, येन मी. मागल्या वेळी बुधानं सायकलवर बसवून नेली व्हती, त्याचा दिस बुडला. आता पुन्ना बुडंल. तिला विचारलं, डोळा झाल्यावर काय करणार? म्हणाली, तांदूल निवडीन. सून मना खडे निवडाया देत न्हाय, म्हनते तू खडे ठेवते नि तांदूल टाकते.

वहीत लिहून घेतलं. या माहितीसाठी कॉलम नाही, तरी लिहिलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पाय सुजले. एकूण अडुसष्ट माणसं सापडली.

सहा माणसांची घरं बंद. दिवाळीनंतर सगळं घर घेऊन वीटभट्टीवर जातात. शेजारीण म्हणाली, गेली, आता पावसाला येतील. मी म्हटलं, अहो पण ऑपरेशन आहे त्यांचं. ती म्हणाली, त्यांना वाटला तुमी याल तवा याल.

रविवार, १६ नोव्हेंबर. अंबाडी, संध्याकाळी ५

मशीन आलं, सुमतीताई आल्या, माधवी चार शिक्षिका घेऊन आली. पासष्ट माणसांची मापं झाली. सापडलेल्यांपैकी तिघे आले नाहीत. बाळारामने चौकशी केली, तेही परवा भट्टीवर गेले.

प्रत्येक माप मी वहीत लिहिलं. खाली दोन कार्बन घालून आणखी दोन प्रती. दुसरी माधवीने मोठ्याने वाचली, मी ताडून पाहिली. मग तिसरी प्रत सुमतीताईंच्या पिशवीत गेली. त्यांनी ती घेतली आणि पिशवीची चेन लावून एकदा ओढून पाहिली.

मोमीनही आला होता. दुकान बंद ठेवून, स्वतःचा कॉम्प्युटर रिक्षात घालून. माझ्या वहीवरून सगळं टाकत होता आणि दर दहा नावांनंतर थांबून फ्लॉपीवर घेत होता. मी मागे उभा राहून बघत होतो. तो चित्र ओढत नव्हता. मला म्हणाला, साहब, आप करोगे? मी म्हटलं, नको, तू कर.

सोमवार, १७ नोव्हेंबर ते गुरुवार, २० नोव्हेंबर

रोज लिहिणं जमलं नाही. बाळारामबरोबर भट्ट्या फिरत होतो, अंबाडीपासून वडप्यापर्यंत. धुळीने डोळे असे झाले की आता माझंच माप घ्यावं लागेल. सुमतीताईंनी मशीनवाल्यांना विनवून गुरुवारपर्यंत ठेवून घेतलं आणि नऊ भिंगांची ऑर्डर वेगळी धरून ठेवली.

त्या नऊ जणांपैकी वाघ्या वडप्याच्या पुढच्या भट्टीवर मिळाला. विटांचा चिखल पायाने मळत होता, एका डोळ्याने अजिबात दिसत नाही, दुसऱ्याने थोडं. मला आवाजावरून ओळखलं. म्हणाला, साहेब, मना वाटला माजा डोला बसत न्हाय म्हनून तुमी नाव काटलं. कोनी सांगाया आला न्हाय.

मी त्याला सांगितलं की नाव काटलं नव्हतं. माझ्याकडून गेलं. असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. त्याने चिखलातला पाय काढला आणि विचारलं, किती दिस लागतील?

भट्टीचा मुकादम सोडेना. त्याला समजवायला मी मंडळाचं लेटरहेड काढलं. त्याने वाचलं नाही. बाळारामने त्याच्याशी बाजूला जाऊन बोलून घेतलं. काय बोलला ते सांगत नाही.

नऊपैकी सहा मिळाले, त्यांची मापं झाली. चंद्रा, हिरामण आणि पुतळाबाई मिळाले नाहीत. कोणी म्हणतं वाड्याच्या बाजूला, कोणी म्हणतं पार वसईकडे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

त्या तिघांसाठी आजही जाऊन आलो. नाहीत. सुमतीताई म्हणाल्या, आता थांबा, पुढच्या वर्षीच्या यादीत पहिली तीन नावं ही घाला. घातली. स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने, पहिल्या पानावर.

तात्या म्हणाले, ऑपरेशनं झाली की मंडळाच्या अहवालात ‘त्र्याण्णव यशस्वी’ लिहूया, वाचायला छान वाटतं. मी म्हटलं, ‘शहाण्णवांपैकी त्र्याण्णव’ लिहा.

शनिवार, २९ नोव्हेंबर. दुपारी ३

काल ज्यांची ऑपरेशनं झाली त्यांच्या पट्ट्या आज सकाळी काढल्या. दवाखान्याच्या हॉलमध्ये ओळीने बसवलं होतं. माझं काम यादीवरून नावं पुकारायचं. भट्ट्यांच्या धुळीने घसा बसला आहे, तरी आवाज खणखणीत लावला.

देवकीची पट्टी निघाली. डोळ्यात पाणी येत होतं, ते पुसलं. सुमतीताईंनी बोटं दाखवली, तिने मोजली. खिडकी दाखवली, ती म्हणाली, बाहेर तार हाय, तारेवर कापड हाय. मग बुधाकडे बराच वेळ बघितलं आणि त्याला म्हणाली, तू टकला जाला.

मी पुढचं नाव पुकारलं. तिने मान वळवली. बाळारामला विचारलं, ह्यो बोलतो तो कोन? तो म्हणाला, ह्ये तेच की साहेब, पुन्ना माप घ्याया आलते ते.

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग डोक्यापासून पायापर्यंत. म्हणाली, ह्यो व्हय? आवाजावरनं उंच वाटला व्हता.

हॉलमधले सगळे हसले. ज्यांच्या पट्ट्या अजून निघायच्या होत्या तेही.

मी पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी ७

घरी आल्यावर दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिलो. माधवीने डोक्यावर पट्टी आडवी धरून खूण केली आणि टेपने मोजलं. म्हणाली, टाचा खाली टेकवा. टेकवल्या.

पाच फूट तीन. सगळ्या फॉर्मवर मी आजवर पाच फूट सहा लिहीत आलो आहे.